नुसतं ‘हं’

चालायची सुट्टी ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला कधी आठ-आठ तास औषधांच्या खिडकीमागे उभं राहावं लागलं नसणार. मी सव्वीस वर्षं उभी राहते आहे. सुट्टीत माणसाने आडवं व्हावं, एवढीच माझी अपेक्षा. पण लेकीने परस्पर बुकिंग करून टाकलं: एक बेट, बेटावर ज्वालामुखी, आणि ऐन थंडीत सहा दिवसांची पायपीट. “आई, तिथे बाबांशी निवांत बोलता येईल,” म्हणाली. मला काय बोलायचं आहे ते तिला माहीत होतं. तिच्या घरातली मागची खोली तिने माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती.

मला यांना एवढंच सांगायचं होतं, की परत गेल्यावर मी आपल्या घरी येणार नाही, लेकीकडे राहायला जाणार आहे. एका वाक्याचं काम. पण चौथा दिवस उजाडला तरी माझ्या तोंडून ते निघालं नव्हतं.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. एकतीस वर्षं लोकांना उभ्या उभ्या वर पोचवलं, आणि स्वतःला मात्र एकेक पाऊल टाकत डोंगर चढायची हौस. रोज सकाळी लॉजच्या खोलीत हीटरजवळ वाळत ठेवलेले बूट ते उचलत, माझ्याही बुटांच्या नाड्या सैल करून देत, आणि एवढं सगळं करताना तोंडातून चकार शब्द नाही. चालताना कायम दहा पावलं पुढे. मी मागून म्हणावं, “अहो, जरा दमानं,” तर पाठ जशीच्या तशी. आवाजही हल्ली इतका खाली गेला होता, की बोलले तरी पुटपुटल्यासारखं वाटे. मी त्याला कुढेपणा म्हणायचे. याच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान पुढे निघून जात नाही.

तेही मी गिळलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, ओट्याशी भांडी घासता घासता, मी यांना सांगितलं, “छातीत गाठ लागतेय. शुक्रवारी तपासायला बोलावलंय. याल का बरोबर?” एवढं बोलायला मला तीन दिवस लागले होते. मागून उत्तर आलं, “हं.” नुसतं हं. शुक्रवारी सकाळी हे डबा घेऊन नेहमीसारखे कामावर निघून गेले. गाठ साधी निघाली. तेही मी ओट्याशीच सांगितलं, आणि त्यालाही “हं.” त्या दिवशी हे माझ्या मनातून उतरले.

तर चौथ्या दिवशी ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जायचं होतं. आम्ही सहाजण आणि पुढे वाटाडी, तिशीतली एक काटक बाई. वाट म्हणजे नुसती काळी खडी. दोन पावलं वर टाकावीत, एक खाली घसरावं. वारा असा की नाक आपल्याच चेहऱ्यावर आहे की नाही याची खात्री वाटेना. गुडघे तर कधीच बोलायला लागले होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आज खाली उतरल्यावर चहा घेताना सांगून मोकळं व्हायचं. एकदाचं संपवायचं. मला खरोखरच सगळ्याचा शीण आला होता.

काठावर पोचलो. समोर भलामोठा खड्डा आणि त्यातून वर येणारी पांढरी वाफ.

“आता सगळे गप्प,” वाटाडी म्हणाली. “ऐका.”

खालून घरघर येत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट सरकवावं तशी. सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. यांचा बदलला नाही. यांनी आधी इकडेतिकडे बाकीच्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग, जरा उशिरा, तसंच तोंड केलं. मला ते विचित्र वाटलं. मग हे हळूच बाजूला सरकले, थेट कडेच्या एका खडकापाशी. चालायच्या काठीचं लोखंडी टोक त्यांनी खडकावर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. लिफ्टच्या मोटारीला लांब पेचकस लावून ते असंच ऐकतात, मी पाहिलेलं होतं. बाकीचे हसू दाबत होते, पण यांच्या चेहऱ्यावर मात्र असा काही आनंद पसरला, जसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात वारा फिरला. वाफेचा लोट आमच्याच अंगावर यायला लागला. घशात जळकी, आंबट चव.

“मागे या! सगळे मागे!” वाटाडी ओरडली.

सगळे मागे पळाले. हे तसेच. ती पुन्हा ओरडली. मीही ओरडले, “अहो!” तोंडाला रुमाल बांधून मी तिसऱ्यांदा घसा फोडला, आणि हे डोळे मिटून, काठी कानामागे धरून, शांत उभे. मी धावले, कॉलर धरली आणि ओढत त्यांना खाली आणलं. धावता धावताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी औषधं देते, दिवसभर म्हाताऱ्यांना दोन-दोनदा सांगते, आणि घरातल्या माणसाचे कान गेलेले मला कळू नयेत!

थोडं खाली दगडी भिंतीचा आडोसा होता. खोकून खोकून झाल्यावर मी यांच्यासमोर बसले, तोंडासमोर तोंड.

“ऐकू यायचं बंद होऊन किती दिवस झाले?”

ते हातमोज्यांकडे बघत राहिले. “दोनेक वर्षं. आधी डावा गेला. मग उजवा.”

“आणि काम?”

“कामात अडत नाही गं. पेचकस लावला की हाडातून सगळं येतं. माणसांना पेचकस लावता येत नाही ना.”

“मला का नाही सांगितलंत?”

“कंपनीला कळलं असतं तर घरी बसवलं असतं.”

“मी काय कंपनी आहे?”

यावर ते ओशाळं हसले. “तू तोंडासमोर असलीस की ओठांवरून कळतं. पण तू बोलतेस ती कायम ओट्याशी, पाठमोरी. मग मी अंदाजाने हं म्हणायचो. तू चिडली नाहीस की वाटायचं, चला, हं बरोबर जागी पडलं.”

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. वर्षभराचा राग असा पायाखालून सरकला, की आता धरायचं कशाला तेच कळेना.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “काही महत्त्वाचं होतं का त्यात?”

मग मी सांगितलं. वारा इतका होता की ओठ थरथरत होते, आणि थरथरणारे ओठ यांना वाचता येईनात. “काय? पुन्हा सांग.” म्हणून मी ओरडले. जे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते चार परक्या माणसांसमोर डोंगरावर बोंबलून सांगितलं: गाठ, छातीतली, तपासणी, शुक्रवार. चौघं आणि वाटाडी एकदम उठून आपापल्या पिशव्या आवरायला लागली.

यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. “गाठ?”

“साधी निघाली! वर्ष झालं!”

“एकटी गेलीस?”

मी मान डोलावली.

“कुठला शुक्रवार?”

“तुम्ही हॉस्पिटलच्या लिफ्टचे दोर बदलत होतात ना, तो!”

यांना माणसांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण कुठल्या लिफ्टचं काय काम कधी केलं ते पाठ असतं. ते मटकन खाली बसले. “मी तिथेच होतो की. वरच, मशीनच्या खोलीत.”

“माहीत आहे. खाली ‘काम चालू आहे’ची पाटी होती, तुमच्या अक्षरातली. लिफ्टचं दार उघडंच होतं. मी चार जिने चढून गेले.”

“अगं मग खालून हाक मारायची! सगळं टाकून आलो अस...”

ते मध्येच थांबले. माझा आवाज पार बसला होता. मी हातमोजा काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली: दोन हाका.