वार्निशातली लाली

काल मी चीकवाले काकांच्या बायकोचा गाल पुसून टाकला, आणि आज चार वाजता काका चित्र न्यायला येणार होते.

चित्र माझ्या बाबांनी काढलेलं, चाळीस वर्षांपूर्वी. ते पुरं झालं आणि दोन महिन्यांत काकू गेल्या. त्यांचा दुसरा फोटोबिटो काही नाही, जे काय आहे ते हेच. काका तेव्हा जंगलात पाइनच्या झाडांचा चीक गोळा करायचे, तो उकळून टर्पेंटाइन काढायचे आणि बाबांना डबा भरून आणून द्यायचे. आता वार्निश पिवळं पडून काकू कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या, म्हणून त्यांनी चित्र माझ्याकडे दिलं. जुनी चित्रं साफ करणं हा माझा धंदा.

काम तसं साधं. कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट, थोडं टर्पेंटाइन. स्पिरिट वार्निश खातं आणि टर्पेंटाइन त्याला आवर घालतं. हात, गळा, मागची भिंत, सगळं झकास निघालं. मग गालावरून बोळा फिरवला आणि कापूस गुलाबी झाला.

कापूस पिवळा व्हायला हवा. गुलाबी म्हणजे रंगच निघाला. आणि मी शहाणीने खात्री करायला दोन्ही गालांवरून आणखी दोनदा बोळा फिरवला. खात्री कसली करतेस, भवाने!

गिऱ्हाइकाने शेवटी काही बदल सांगितला, की बाबा तेवढा रंग वार्निशातच कालवून वरून लावायचे. अशी जागा आधी शोधायची, मगच बोळा उचलायचा, हे त्यांनीच मला शिकवलेलं. दुसऱ्याच्या चित्रात मी ती शोधली असती. बापाच्या चित्रात शोधली नाही.

लालीखाली मेणासारखे फिकट गाल निघाले, आणि डोळ्यांखाली काळं. पार आजारी बाई.

आज सकाळपासून मला बसवेना. रंग घोटला, पुसला, परत घोटला. खिडकी उघडली, लावली.

"सांगून टाक त्यांना," धाकटी म्हणाली. ती माझी बहीण, इथेच चौकटी बनवते.

"तू चौकटीपुरतं बोल."

"वरून रंग देशील आणि तो वाळणार कधी?"

"पातळ हात देते. टर्पेंटाइन उडून जातं."

"टर्पेंटाइन उडेल. तुझं तोंड कुठे उडणार आहे? ते पाहूनच कळेल त्यांना."

अडीच वाजता मी लाली लावली. चांगली जमली, बाबांसारखी. मग पंखा लावला, बंद केला, हाताने वारा घातला. घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं की धाकटीने ते भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. मी तिच्यावर खेकसले.

काका चारच्या आधीच आले.

"छान झालंय बघा," त्यांनी विचारायच्या आधीच मी सुरू झाले. "सगळं वार्निश काढलं, काही अडचण आली नाही, काही म्हणजे काहीच नाही." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यांनी चित्र उचललं, गॅलरीत उजेडाला नेलं आणि नाकाशी धरलं. आधी हात, मग गळा, मग गाल.

"बाकी सगळीकडचं टर्पेंटाइन उडालंय," ते म्हणाले. "गालावरचं ताजं आहे. आजचं."

मला खोटं सुचेना. "काका, माझ्या हातून पुसली गेली लाली. परत लावलीय. चुकलं माझं." मी रडायलाच लागले.

"खाली कशी निघाली?"

"फिकट."

"डोळ्यांखाली काळं?"

"हो."

काका खुर्चीत बसले. "तुझ्या बापाने तशीच काढली होती. मीच म्हटलं, थोडी लाली घाल, मला बघवत नाही. त्याने घातली. मी हौसेने तिला दाखवायला नेलं, तर म्हणाली, 'ही कोण सवत आणलीत?' आणि भिंतीकडे तोंड केलं. मग शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. चाळीस वर्षं त्या सवतीबरोबर काढली, पोरी. ओलं आहे तोवर निघेल ना हे?"

"निघेल. नुसत्या टर्पेंटाइनने."

धाकटीने बोळा भिजवून दिला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला. कसा फिरवायचा ते मी सांगत गेले, हलका, न घासता. त्यांनी एक गाल पुसला, मग दुसरा. आजारी बाई पुरती दिसायला लागली तेव्हा ते थांबले.

"आता बघ माझ्याकडे," काका तिला म्हणाले.