डाव्या बाजूची हवा

मित्रांनो, मी पतंग आहे, पण संक्रांतीचा नव्हे. मला मांजा नाही. मी कोणाला कापत नाही आणि मला लुटायला कोणी रस्त्यावर धावत नाही. माझे कापड नायलॉनचे आहे आणि हाडे कार्बनच्या काळ्या नळ्यांची. संक्रांतीच्या पतंगाला एक दोर असतो, मला दोन. उजवा ओढला की मी उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे, आणि दोन्ही एकदम ढिले सोडले की हवेत थबकून पानासारखा खाली येतो. मला स्पोर्ट काइट म्हणतात. पुण्यात आम्हाला उडवणारी मंडळी मोजकीच आहेत, पण जी आहेत ती अगदी वेडी आहेत.

मला कादरने बनवले. शनिवार पेठेत त्याचे ताडपत्र्या आणि तंबू शिवून देण्याचे लहानसे दुकान होते. एका उन्हाळ्यात त्याने निळ्या कापडाच्या एकाच ताग्यातून दोन पतंग कापले. एक मी आणि दुसरा माझा जुळा भाऊ. ओळखू यावे म्हणून त्याच्या शेंड्याला कादरने पिवळी पट्टी लावली. भाऊ त्याने स्वतःसाठी ठेवला आणि मला बायकोच्या हाती दिले.

त्याची बायको सुरय्या टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचे ऐकून घेऊन ती स्वतः फार कमी बोले. मला उलटसुलट करून पाहत ती म्हणाली, "हे उडवायचं, की दोरीवर वाळत घालायचं?"

कादर हसत सुटला. पण पुढच्याच रविवारी तिने मला अशी गिरकी दिली की त्याचे हसू जागीच थांबले.

धायरीच्या वरच्या अंगाला एक मोठे माळरान आहे. तिथे दर रविवारी आमची मंडळी जमत. कोणी कंपनीतला, कोणी कॉलेजातला, आणि उत्तरेश्वर नावाचा एक भला माणूस, जो बार्शीकडून भोसरीच्या कारखान्यात कामाला आला होता. पतंग जोडीने उडवायचे असतात तेव्हा एकजण पुढारी होतो आणि हुकूम देतो. कादर आणि सुरय्या घरी दखनीत बोलत, पण माळावर सगळ्यांना कळावे म्हणून हुकूम मराठीत असत. "वर. वळ. सुरय्या, उतर." कादर हे अगदी हळू म्हणायचा आणि त्याचा शब्द संपायच्या आत तिचे मनगट फिरलेले असायचे. वर्षानुवर्षे असेच चालले. स्पर्धांमध्ये गाण्याच्या तालावर आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या इतके जवळून जायचो की बघणारे श्वास रोखून धरायचे. टाळ्या पडत. माझे कौतुक होई आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मित्रांनो, एक गोष्ट फक्त पतंगालाच कळते, म्हणून ती सांगून ठेवतो. शेजारून दुसरा पतंग गेला की हवा फाटते. त्या फाटक्या हवेचा एक थरथरता पट्टा मागे राहतो आणि तो आपल्या पंखाला लागतो. माझा भाऊ नेहमी माझ्या डावीकडे असे. त्यामुळे डावीकडची ती थरथर मला अंगच्या शिवणीइतकी ओळखीची होती.

त्या माळाच्या पश्चिमेला दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिच्यात पाणी साठलेले आहे, हिरवे आणि खोल. संध्याकाळी वारा पडला की पतंग खाली येऊ नये म्हणून उडवणारा मागे मागे चालू लागतो. त्याच्या चालण्यानेच आम्हाला वारा मिळतो. त्याची पाठ पश्चिमेला असते आणि नजर आमच्यावर. त्याच्या पाठीमागचे सगळे मला दिसते, त्याला फक्त मी दिसतो.

त्या संध्याकाळी माळावर ते दोघेच होते. वारा पडत चालला होता. "मागे," कादर म्हणाला. "अजून थोडं मागे." दोघे शेजारी शेजारी मागे सरकत गेले. खाणीची कड कादरच्या बाजूला माळात आत घुसलेली होती, सुरय्याच्या बाजूला नव्हती. पुढचा हुकूम आलाच नाही. माझा भाऊ एकदम खेचला गेला, माझ्या अंगावरून आणि सुरय्याच्या डोक्यावरून गेला आणि कडेपलीकडे दिसेनासा झाला.

कादर खाणीच्या पाण्यात सापडला. माझा भाऊ सापडला नाही.

त्यानंतर मी बराच काळ कपाटावर, पिशवीत गुंडाळलेला पडून होतो. माझ्या नळ्यांवर धूळ बसली आणि घड्या पडून कापड पांढुरके झाले. एके दिवशी त्यांची मुलगी मिसबा घर आवरत होती. ती खराडीला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते. मला खाली काढून ती हलकेच म्हणाली, "अम्मी, हा कोणाला तरी देऊन टाकूया का? तुला बघून त्रास होतो ना?"

"त्याला काय रोज जेवायला घालावं लागतंय?" सुरय्या म्हणाली आणि तिने मला तिच्या हातातून काढून घेतले.

दुसऱ्याच संध्याकाळी तिने मला माळावर नेले.

मी वर गेलो. इतक्या दिवसांनी अंगात वारा भरला म्हणून मी हरखून गेलो होतो. तेवढ्यात माझ्या डाव्या पंखाला थरथर लागली. फाटलेल्या हवेचा पट्टा होता तो. मी पाहिले, तर डावीकडे मोकळे आकाश. सुरय्याचे हात जरासे थांबले. दोऱ्यांतून ती थरथर तिलाही पोचली होती. मग तिचे मनगट फिरले. जुन्या स्पर्धेतली पहिली गिरकी तिने घेतली, दुसरी घेतली, आणि प्रत्येक वेळी डावीकडची हवा बरोबर तिथे फाटत गेली जिथे ती फाटायला हवी होती.

ती रोज येऊ लागली. एकदा मला उतरवल्यावर तिने माझ्या डाव्या पंखावरून हात फिरवला आणि तो तसाच धरून ठेवला. उन्हाळ्याचे दिवस होते, जमीन भेगाळलेली होती, आणि माझा पंख ओला होता. तिने हात नाकाशी नेला. शेवाळाचा वास होता. तिने मला पुसले नाही. तशीच घडी घातली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला भीती वाटू लागली. कारण ती थरथर खाणीजवळ जास्त जोराची होती आणि हे सुरय्याच्याही ध्यानात आले होते. रोज ती कालच्यापेक्षा थोडी पश्चिमेला उभी राही.

गोदाबाई नावाची एक म्हातारी तिथे शेळ्या चारायची. एकदा ती जवळ येऊन थांबली आणि गवताकडे पाहत म्हणाली, "बाई, तुमच्या संगट दुसरं कोण उडवतंय?"

"कोणी नाही. का?"

"सावल्या दोन पडल्यात, म्हणून इचारलं."

मी खाली पाहिले. गवतावर माझी सावली होती. तिच्या डाव्या अंगाला, तिच्याच आकाराची, जराशी फिकट अशी आणखी एक सावली होती. मी वळलो की तीही वळत होती.

"दिसतायत ना तुम्हाला? मग झालं तर," सुरय्या म्हणाली. गोदाबाईने शेळ्या गोळा केल्या आणि ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

भाभी एकटीच खाणीकडे जाते, ही गोष्ट शेवटी उत्तरेश्वरच्या कानावर गेली. तो कारखान्यातून सुटल्यावर मुद्दाम आला. "भाभी, वारं न्हाई हो आज. चला घरला. कादरभाई असते तर रागावले असते."

"मग त्यांना येऊन रागवू द्या," ती म्हणाली.

त्याने तिथूनच मिसबाला फोन केला.

त्यानंतरच्या संध्याकाळी सूर्य खाणीच्या पलीकडे टेकला आणि वारा पार मेला. सुरय्या मागे मागे चालू लागली. थरथर आता नुसती शेजारी नव्हती. ती माझ्यापुढे होती, पश्चिमेकडे निघाली होती आणि मी तिच्यामागून ओढला जात होतो. सुरय्याच्या चेहऱ्यावर हसू होते. तिचे ओठ हलत होते. ती कोणाचा तरी हुकूम ऐकून त्याला हो म्हणत होती. तिच्या टाचांमागची जमीन कमी कमी होत चाललेली मला दिसत होती. त्यापुढे हिरवे पाणी होते. मी वाकडातिकडा झालो, पंख फडफडवले, पण तिने मला हाताच्या एका हलक्या ओढीने सरळ केले. इतक्या वर्षांत माझ्यावर तिचा हात कधी चुकला नव्हता, तो तेव्हाही चुकला नाही.

माळाच्या दुसऱ्या टोकाला रस्त्यावर रिक्षा थांबली. मिसबा आणि उत्तरेश्वर धावत सुटले. अंतर फार होते.

"भाभी! ओ भाभी!" उत्तरेश्वर ओरडला. सुरय्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

"अम्मी! अम्मी, थांब, प्लीज!" मिसबा ओरडली. तेही तिच्यापर्यंत पोचले नाही. एक पाऊल आणखी मागे पडले.

मिसबा धावता धावता उभी राहिली. लहानपणी ती या माळावर सतरंजीवर बसून कंटाळायची, आईबापांचे गिरक्या मारणे संपायची वाट पाहायची. तिने स्वतः कधी पतंग उडवला नव्हता. पण ते शब्द तिच्या कानात होते. तिने छाती भरून श्वास घेतला आणि बापाच्या धाटणीत, त्याच ठसक्यात हाक दिली.

"सुरय्या, उतर!"

सुरय्याची मनगटे आपोआप फिरली. हात पुढे गेले, दोऱ्या ढिल्या पडल्या, मी थबकलो आणि दोन्ही पंखांच्या टोकांवर अलगद गवतात टेकलो. पतंग उतरला की पावले थांबतात, ही तिची अंगवळणी पडलेली सवय होती. ती थांबली. तिच्या टाचेखालचा एक खडा सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मी खाली होतो, पण ती थरथर थांबली नाही. ती गवत झुकवत आली, सुरय्याच्या डोक्यावरून गेली, तिचा पदर एकदाच हलला, आणि ती थरथर कडेपलीकडे उतरली. मग खालून फार बारीक आवाज आला. ओले कापड पाण्यावर पसरावे तसा.

सुरय्याने तेव्हा मागे वळून पाहिले. पाहता पाहता ती मटकन खाली बसली. मिसबाने येऊन तिला धरून ओढतच कडेपासून दूर नेले.

"तू मला नावाने हाक मारलीस," सुरय्या म्हणाली.

"अब्बा तशीच मारायचे."

"ते हळू म्हणायचे. तू किंचाळलीस."

मिसबा रडता रडता हसली. मला उचलायला म्हणून तिने हात पुढे केला आणि दचकून मागे घेतला. "अम्मी, हा ओला आहे."

"माहीत आहे मला. रोज असतो." सुरय्याने हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. मग खाणीकडे पाहत तिने विचारले, "ते मला बोलवत होते का गं?"

"मला नाही माहीत. खरंच नाही माहीत." मिसबाने तिचा हात घट्ट धरला. "पण मीही बोलवतेय ना?"

सुरय्याने तिच्याकडे पाहिले. मला वाटते, कितीतरी दिवसांनी तिने आकाशावरची नजर खाली आणून कोणाकडे तरी नीट पाहिले होते.

पुढच्या रविवारी उत्तरेश्वरने सगळी मंडळी जमवली आणि खाणीच्या कडेने दगडांची कंबरभर भिंत रचली. उरलेल्या निळ्या कापडातून सुरय्याने कादरच्याच मशीनवर एक नवा पतंग शिवला. मिसबा त्याच्यावर शिकली. सुरुवातीला तिने तो इतक्या वेळा जमिनीवर आपटला की सुरय्या म्हणाली, "उडवायचाय तो, पेरायचा नाहीये." आता हुकूम सुरय्या देते.

या वर्षी बिबवेवाडीकडच्या एका मैदानावर आमच्या मंडळींनी स्पर्धा भरवली. मायलेकी जोडीने उतरल्या. नवा पतंग माझ्या डावीकडे होता, पण शेजारी नव्हता. आमच्या दोघांत एका पतंगाइतकी जागा मोकळी होती. परीक्षक दीपालीताईंनी नंतर सुरय्याला बाजूला घेऊन विचारले, "उडवता फार सुंदर. पण मध्ये एवढी जागा का सोडता? त्याचे गुण जातात."

"जाऊ देत," सुरय्या म्हणाली. "तेवढी लागते."

मी काय सांगणार? त्या जागेतली हवा गुळगुळीत नव्हती, एवढेच मला माहीत आहे. पण ती आता कुठे ओढत नेत नाही. आमच्याबरोबर वळते आणि आमच्याबरोबर उतरते. उतरल्यावर मिसबा माझा डावा पंख कोरड्या फडक्याने पुसते आणि मगच मला पिशवीत ठेवते.

मित्रांनो, आम्हा पतंगांना जपायला फारसे कष्ट पडत नाहीत. ओले ठेवू नका, नळ्या वाकवू नका, तेवढे पुरे. जपायचे ते उडवणाऱ्याला. ज्याची नजर वर लागली आहे आणि जो मागे मागे चालला आहे, त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे राहा. तो ऐकत नसेल तर नुसते ओरडू नका. त्याच्या कानाला सवय असलेली हाक आठवा आणि ती मारा. मला वरून सगळे दिसते, पण हाक मारता येत नाही. ती तुम्हालाच मारावी लागेल.