एका माणसाचं काम

"दोन चॅनेलचा घेताय का चारचा?" लालासाहेबांनी काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली.

इलियासला फरक कळत नव्हता. सांगलीतल्या ह्याच दुकानात तो इतकी वर्षं क्लॅरिनेटची पत्ती घ्यायला यायचा. तेव्हा काचेच्या कपाटात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असायचे. आता तिथे डीजेची काळ्या रंगाची सपाट यंत्रं मांडलेली होती.

"चार म्हंजे चार गाणी एकदम?"

"व्हय. पर मास्तर, तुमाला दोनच बास झाली. एक वाजत असतंय, तवर दुसरं हेडफोनात ऐकून तयार ठेवायचं. पयलं संपायच्या आत दुसरं हळूच आत सोडायचं. सांधा कळाय नको, एवढाच खेळ हाय बघा."

लालासाहेबांनी वायर लॅपटॉपला जोडली. दोन गोल चकत्यांभोवती दिवे लागले. इलियासने एक चकती बोटाने मागे ओढली, तसं गाणं खर्रकन मागे सरकलं. त्याने दचकून हात काढला.

"आन ही खालची बटनं?"

"पॅड म्हंत्यात त्यास्नी. त्यात आवाज भरून ठेवायचा. टाळ्या, शिट्ट्या, काय पायजे ते. दाबलं की वाजलं."

इलियासने पॅड चाचपून पाहिले. रबरासारखे मऊ होते.

"ह्याला माणसं किती लागत्यात?"

"एकच की," लालासाहेब म्हणाले. "ते बी बसून."

इलियासने दोन चॅनेलचा घेतला.

मिरजेत त्याच्या वडिलांनी उभा केलेला बँड त्याने चालवला होता. लाल कोट, सोनेरी झालरी, पुढे क्लॅरिनेट घेऊन तो आणि मागे सगळे. गेल्या काही वर्षांत वराती डीजेवाल्यांकडे गेल्या. ट्रम्पेटवाला रिक्षा चालवायला लागला, एक जण दवाखान्यात वॉर्डबॉय झाला, ढोलवाला तात्याबा वॉचमन झाला. बँड बंद करतो असं इलियास कोणालाच म्हणाला नाही. सुपारी येईना, एवढंच. त्यात बायको, हाजराबी, गेली. मुलगी सबा लग्न होऊन पुण्याला होती. डीजेचं तिनंच सुचवलं. घरी नुसते बसू नका, म्हणाली.

घरात आता बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे शिकणं लवकर झालं. जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडून इलियास एका कानाला हेडफोन लावायचा आणि एका गाण्याचा वेग दुसऱ्याच्या जवळ नेत राहायचा. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही गाण्यांच्या लाटा एकाखाली एक सरकत. खालच्या लाटेचे उंचवटे वरच्याखाली बरोबर आले की कानातली खडखड थांबायची. त्यासाठी सिंकचं बटनही होतं, एकदा दाबलं की काम झालं. पण इलियास ते दाबत नसे. संध्याकाळ मग लगेच संपली असती.

कामं मिळू लागली. हळदी, वाढदिवस, डोहाळजेवणं. त्याचं नाव मात्र कोणी विचारलं नाही. लोक टेबलाजवळ येत आणि "ओ डीजे, हे लावा की" म्हणून मोबाइल पुढे करत. बँड असताना वरात संपली की सगळे एका पंगतीला बसायचे, आणि तात्याबा दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलून स्वतःचाच हरवल्यासारखा शोधायचा. आता कोणीतरी यजमानांच्या सांगण्यावरून एक ताट आणून लॅपटॉपशेजारी ठेवी. तारा तेलकट होऊ नयेत म्हणून इलियास ते मांडीवर घेऊन खाई.

एकदा बुधगावच्या पार्टीने मागणी केली: नवरदेव येताना बँडचा ढोल वाजला पाहिजे, जुन्या पद्धतीचा. इलियासने इंटरनेटवरचे ढोल उतरवून पाहिले. स्वच्छ होते, पण ऐकून कोणाचा पाय उचलला नसता. मग त्याने माइक पिशवीत घातला आणि एसटीने कवलापूरला गेला.

तात्याबा उन्हात बाजेवर बसला होता. तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या गोदामावर रात्रपाळी करून आलेला.

"मास्तर, वाट चुकलास व्हय?" त्याने हाक मारली. मग आत वळून, "बने, च्या टाक. आपला इलियास आलाय."

बनाबाई दारात आली, डोक्यावरचा पदर नीट केला. "लय दिसांनी आलासा भावजी. हाजराबैच्या मातीला आलो हुतो, त्यानंतर भेट न्हाई."

इलियासने ढोल आहे का विचारलं. तात्याबा आत गेला आणि बनाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला ढोल घेऊन आला. गाठ सोडताना त्याचे हात घाईत होते.

"बँड चालू करतोयस?"

इलियासला तेव्हा सांगता आलं असतं. तो म्हणाला, "बघू. आदी जरा वाजवून तर बघू."

"आन ह्ये काय?"

"माइक. आवाज भरून ठेवायला. एकेक ठोका वेगळा वाजव."

"एकेक?" तात्याबा हसला. "ठोका काय एकटा असतोय व्हय रं? मागचा असंल तर पुढचा येतोय."

शेवटी त्याने आपल्या पद्धतीनेच वाजवलं. दुपारभर. तात्याबाची एक खोड होती, चौथा ठोका तो केसभर उशिरा टाकायचा. लोक पाय उचलून थांबायचे आणि मग तो ठोका पडायचा. इलियासने वरातीत ह्यावरून त्याला शिव्या दिल्या होत्या आणि त्याच ठोक्यावर नाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे बघत तो पुढे चालला होता. आज अंगणात वाजताना शेजारची पोरंबाळं जमली. बनाबाई चहाची कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. इलियासने पिशवीतून क्लॅरिनेट आणलं नव्हतं, म्हणून नुसतंच ओठ मिटून गुणगुणत साथ दिली. हाजराबी गेल्यापासून इतकी चांगली दुपार त्याच्या वाट्याला आली नव्हती. निघताना खरं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण तात्याबा एसटीपर्यंत सोडायला आला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत राहिला, "बँड चालू हुतोय आमचा."

घरी आल्यावर इलियासने ते लॅपटॉपमध्ये उतरवलं. पडद्यावर ठोक्यांसाठी उभ्या रेघा होत्या. तीन ठोके रेघेवर बसले, चौथा रेघेच्या पुढे गेला. तो ओढून रेघेवर आणायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. इलियासने आणला नाही. तसाच पॅडवर ठेवला.

बुधगावचं लग्न गाजलं. मग त्याच आवाजासाठी दुसरी बोलावणी आली. पॅड दाबला की ढोल सुरू होई, पुन्हा दाबला की थांबे. गाणं खाली आणून ढोल वर घेतला की कार्यालयातली बसलेली माणसंही उठत.

तात्याबाचा फोन यायचा. "तारीख ठरली का रं?"

"मुहूर्त कमी हायत ह्या महिन्यात."

"आन त्यो ट्रम्पेटवाला येतोय न्हवं?"

"बोलतो त्याच्याशी."

पुढेपुढे इलियास फोन उचलेनासा झाला. वाजून वाजून तो थांबला की टेबलाशी बसलेल्या इलियासला घर अजून रिकामं वाटायचं. सबाचा फोन आला की ती विचारायची, "अब्बा, खाना खाए क्या? काम कैसा चलरा?" तो म्हणायचा, चांगलं चाललंय. ते खरंही होतं.

राजेश्वरीचं लग्न तासगावात होतं. बेदाण्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, मोठं कार्यालय, दुपारचा मुहूर्त. इलियासला हा व्यापारी कोण ते ठाऊक नव्हतं. नवरी दारात आली, त्याने गाणं खाली आणलं आणि पॅड दाबला.

ढोल घुमला. बायका वाट करून देत मागे सरल्या. तेवढ्यात इलियासला दाराजवळ तात्याबा दिसला. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. मालकाच्या घरचं लग्न म्हणून गोदामावरची सगळी माणसं आली होती.

तात्याबा नवरीकडे बघत नव्हता. तो ढोलवाल्याला शोधत होता. आधी दाराबाहेर जाऊन आला. मग मान उंच करून गर्दीवरून पाहिलं. भिंतीच्या कडेने चालत स्टेजपर्यंत गेला, पडदा बाजूला करून मागे डोकावला. तिथे खुर्च्यांची चळत होती. तो तसाच उभा राहिला. चौथा ठोका पडला, आणि त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप आपटला. मग तो कर्ण्याकडे वळला आणि तिथून वायरीच्या मागे मागे बघत टेबलापर्यंत आला.

इलियासने पॅड थांबवला नाही. नवरी अजून स्टेजवर पोचली नव्हती.

"ह्यो माझा हात हाय," तात्याबा म्हणाला.

"व्हय."

"बटन कंचं?"

इलियासने दाखवलं. निळा दिवा लागलेला पॅड. तात्याबाने त्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. नवरी स्टेजवर चढली, इलियासने ढोल थांबवून गाणं वर घेतलं. आता दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकायला वाकावं लागत होतं.

"बरं वाजतंय," तात्याबा म्हणाला. "दमत न्हाई."

"तात्या, मी सांगणार हुतो."

"मग वाट कशाला बघाय लावलीस? बनीनं कोटाला बटनं लावून ठेवल्यात. रातपाळीच्या सायबाला मी सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर जमायचं न्हाई म्हणून."

इलियासला माफी मागावी असा विचार आला, पण इतक्या आवाजात ती ओरडून मागावी लागली असती.

"काढून टाकू?" त्याने विचारलं.

तात्याबाने थोडा वेळ नाचणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "टाक. मी जित्ता हाय तवर, मी नसताना नको वाजाय."

इलियासने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. ढोलाची लाट निवडली, बटन दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उघडली.

"काय म्हंतंय त्ये?"

"विचारतंय, नक्की का म्हणून."

"मग सांग की," तात्याबा म्हणाला. "नक्की म्हणावं."

लाट गेली. पॅडचा दिवा विझला. तात्याबाने टोपी सारखी केली. "जेवून जा," असं इलियासलाच यजमानासारखं सांगून तो पंगतीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात कऱ्हाडला लग्न होतं. नवरदेव आला तेव्हा इलियासने इंटरनेटवरचा ढोल लावला. चारही ठोके रेघेवर. त्याला वाटलं, आता कोणीतरी येईल, काय झालं विचारेल. लोक नाचले. आधीच्या लग्नांत नाचायचे तसेच नाचले. दोन बायका येऊन म्हणाल्या, पुन्हा तेच लावा, लय भारी आहे.

दुपारी कार्यालय रिकामं झालं. झाडणारी माणसं फुलं आणि अक्षता एका बाजूला लोटत होती. इलियासने तारा गुंडाळल्या आणि तात्याबाला फोन लावला. उचलणार नाही असंच धरून चालला होता.

"बोल," तात्याबा म्हणाला.

"आज दुसरा ढोल लावला."

"मग? कळलं का कुणाला?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

पलीकडे गोदामावरच्या हमालांचा गलका ऐकू येत होता. मग तात्याबा म्हणाला, "न्हाई कळायचं," आणि लगेच, "तू जेवलास?"

"जेवतो आता. तू दिवसा कामावर कसा?"

"बदलून घेतली पाळी. रातचं डोळ्याला दिसत न्हाई आता. थांब, ट्रक आलाय. ठेवतो."

पण त्याने फोन बंद न करताच खिशात टाकला. इलियासला कापड घासल्याचा आवाज आला, मग लोखंडी फाटक जमिनीवरून ओढल्याचा. ट्रकचं इंजिन गुरगुरत जवळ आलं. "येऊ द्या," तात्याबाचा आवाज लांबून येत होता, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं... बास." त्याने ट्रकच्या पत्र्यावर हाताने दोनदा थापटलं. इंजिन बंद झालं. कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, तो काहीतरी बोलला, दोघे हसले.

इलियास रिकाम्या कार्यालयात फोन कानाला लावून उभा होता. झाडणारा माणूस त्याच्या पायापाशी येऊन थांबला, तेव्हा तो फोन न काढता दोन पावलं बाजूला सरकला.