खड्ड्यातली मोजणी

नाल्याच्या तलावात एकही मेलेला मासा तरंगताना दिसला नाही, तेव्हाच निहारिकाला शंका आली. चार दिवसांपूर्वी पारा त्रेचाळीसवर गेला होता, पाणी काळं पडलं होतं, आणि बाराशे रोहूंपैकी जाळ्यात जेमतेम तीनशे आले होते. बाकीचे कुठे गेले म्हणून तिनं विचारलं. चौकीदारानं मान खाली घातली आणि बांधामागच्या ताज्या मातीकडे बोट दाखवलं. हॅचरीच्या मालकांनीच पुरायला सांगितलं होतं.

निहारिका उज्जैनच्या त्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, माशांच्या आनुवंशिकीचं काम बघायची. रोहूच्या चाळीस जोड्यांची पिल्लं, म्हणजे चाळीस कुळं, तिनं वाढवली होती. प्रत्येक पिल्लाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी, ओळख-क्रमांकाची चिप होती. एक तलाव हॅचरीचा, स्वच्छ. दुसरा एका गावचा, बरा. आणि तिसरा हा, ज्यात वस्तीचा नाला उतरत होता. प्रत्येक तलावात प्रत्येक कुळाचे तीस मासे सोडले होते. कोणतं कुळ कुठल्या पाण्यात तगतं, तेच बघायचं होतं. मेलेला मासा स्कॅनरखाली गेला तर तो मेला म्हणून नोंदला जायचा. पुरला तर नुसता गायब.

तिनं खड्डा उकरायला लावला. चुन्याखाली मासे एकमेकांत कालवल्यासारखे झाले होते. उचलला की कातडं हातात सुटून यायचं, आतून अळ्या गळायच्या. नाकावर ओढणी बांधूनही तिला दोनदा उलटी झाली. पण मांस सडलं तरी चिप सडत नाही. दिवस मावळेपर्यंत आठशे एकेचाळीस मासे मोजून झाले.

सतरा नंबरच्या कुळाचे अठ्ठावीस मासे त्या खड्ड्यात निघाले. स्वच्छ तलावात त्याच कुळाचे एकोणतीस जिवंत होते, सगळ्यांत पहिला नंबर. स्वच्छ पाण्यात मागे राहिलेलं, बारक्या अंगाचं एकतीस नंबरचं कुळ मात्र या घाणीत चोवीस मासे राखून होतं.

सकाळी ती नानाखेड्याच्या ऑफिसात यशोधन सरांसमोर बसली. हॅचरी त्यांची. सतरा नंबरचं बीज कुठल्याही पाण्यात जगतं, अशी पत्रकं छापायला गेली होती. बगळ्यांनी खाल्ले असं लिहून टाक, फालतू लफडं नको, असं ते म्हणाले. तिनं आकड्यांचा कागद पुढे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, मग एकतीस विकू ना. नाल्यात जगणारा रोहू! नाला साफ करायची झंझटच नाही कोणाला."

तिनं कागद परत आपल्याकडे ओढला. खड्ड्यापाशी निदान तोंड फिरवता आलं होतं.

"सर, मासा जगला म्हणून घाण संपत नाही. ती त्याच्या अंगात साठत राहते, मग खाणाऱ्यांच्या."

त्यांनी तिच्यासाठी पोहे मागवले. ती न खाता उठली.

नाल्याचा तो तलाव पुढच्या हंगामासाठी मीनाबाईंच्या महिला गटानं घेतला होता, आणि सतरा नंबरच्या बीजाची मागणीही देऊन ठेवली होती. निहारिकानं बस पकडली आणि बांधावर बसून त्यांना दोन्ही कुळांचे आकडे समजावले. मीनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दीदी, ये इकतीस वाली आप खाओगी?"

निहारिका नाही म्हणाली. मीनाबाईंनी त्याच दिवशी मागणी रद्द केली. पुढचे आठ महिने त्या नाला वळवून मागत पंचायतीत खेटे घालत होत्या. तलाव रिकामाच राहिला, आणि गटातल्या दोघी चिडून बाहेर पडल्या.

निहारिकानं नोकरी सोडली होती. दिवाळीत एकतीस नंबरची पत्रकं निघाली. खाली शास्त्रज्ञ म्हणून तिचं नाव होतं. ते काढायला तिला वकिलाची नोटीस पाठवावी लागली. मग तिनं तिन्ही तलावांचे आकडे एका कागदावर उतरवले आणि आसपासच्या प्रत्येक मच्छीमार गटाला स्वतः नेऊन दिले. काहींनी आभार मानले. एकानं तिच्यासमोरच हॅचरीला फोन लावला आणि एकतीस नंबर केव्हा मिळेल ते विचारलं.