खुशीच्या गळ्यातला हार

"अंगात काही आलेलं नाही हो, शकुनताई. मुलीच्या मेंदूला सूज आहे," अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चांदूर बाजारला ऐन नवरात्रात शकुनची लेक खुशी घुमायला लागली होती. हात वेडेवाकडे, तोंडी भलतेच शब्द, डोळ्याला डोळा नाही. मग काय विचारता! गल्लीतल्या बायांनी पोरीला पाटावर बसवलं, मळवट भरला, रांग लावून पाया पडल्या. शकुन फुलवाली, दुसऱ्यांच्या देवांना हार ओवण्यात जन्म गेलेला. तिनं झेंडूचा हार लेकीच्या गळ्यात घातला, तिच्या पायांवर डोकं टेकवलं आणि कधी नव्हे ती गल्लीत मान ताठ करून फिरली. त्या ताठ्याची आता तिला शिसारी आली.

"मले तापच वाटत होता," नवरा शेखर पुटपुटला. "पण सारे पाया पडून राहिले, मंग मीबी पडलो."

"म्याडम, कोणतं पाप झालं आमच्याकडून?" शकुननं विचारलं.

"पाप कसलं? आजाराशी लढणारी अंगातली ताकदच चुकून मेंदूवर उलटली. राखणीच्या कुत्र्यानं घरच्यालाच चावावं, तसं. औषधानं तिला आवरू. पण लवकर आणायला हवं होतं."

"मले ओळखन ना थे पोट्टी?"

"आत्ताच सांगता येणार नाही."

सलाइनमधून औषध चालू झालं. शकुन खाटेजवळून हलली नाही. हळूहळू हात शांत झाले आणि एका दुपारी खुशीची नजर तिच्यावर ठरली.

"आई."

"ओळखलं वं माय! पोट्टीनं मले ओळखलं!" शकुन ढसाढसा रडायला लागली.

खुशी मात्र टक लावून बघत होती. "आई, माहं डोकं लय दुखत होतं. मी तुले आवाज देऊन राहिली होती. तू माह्या पाया कावून पडली?"



संध्याकाळी शेजारची मनकर्णा नारळ घेऊन आली आणि सवयीनं खुशीच्या पायांशी वाकली. शकुननं झटकन चादर ओढून ते पाय झाकले.

"नको वं बाई. लेकरू हाये थे."

मग तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि खुशीच्या केसांच्या मुळाशी घट्ट बसलेलं कुंकू हलक्या हातानं पुसायला घेतलं.

"दुखते का वं?"

"नाई."

तरी ती दर वेळी विचारतच होती.