पंचवीस अक्षरांचा नंबर

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण ज्यानं काढली, त्यानं बहुधा कमालला पाहूनच काढली असावी. तो कतरमध्ये, दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता आणि कंपनीनं टाकून दिलेली वस्तू कचऱ्यात जाताना त्याला बघवत नसे. फरीज बिन ओमरानमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक पाय आखूड असलेली ऑफिसची खुर्ची होती, पाती नसलेला पंखा होता, आणि बाथरूमच्या दाराआड सहा हेल्मेटं होती. त्यामुळं ऑगस्टातल्या एका बुधवारी तो काखेत काळा लॅपटॉप मारून आला, तेव्हा त्याच्या बायकोनं, हमिदानं, आधी विचारलं ते एवढंच, की हा ठेवायचा कुठं.

"ठेवायचा नाय, वापरायचा," कमाल म्हणाला. "तुझ्या परीक्षेला."

हमिदाच्या हातातला डाव तसाच राहिला. परीक्षा शनिवारी होती. घराजवळच्या एका भारतीय शाळेत ऑफिस असिस्टंटची जागा निघाली होती आणि तिला बोलावणं आलं होतं. मुलाखत, आणि त्याआधी कॉम्प्युटरवर पत्र टाइप करून दाखवायचं, त्याला नाव देऊन साठवायचं, पुन्हा शोधून उघडायचं. टाइपिंगचं तिला भय नव्हतं. लग्नाआधी खेडमध्ये तिनं देसाईबाईंच्या क्लासात इंग्रजी चाळीस आणि मराठी तीसची सर्टिफिकिटं काढली होती, आणि मग तीन वर्षं एका वकिलाकडं टाइपिस्ट म्हणून काम केलं होतं. वकीलसाहेब नोटिशीचा मसुदा इंग्रजीत लिहीत, गट नंबर नि तारखा मराठीत लिहीत, आणि अक्षर असं काढत की पक्षकारांनाच काय, स्वतः वकिलांनाही ते दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे. हमिदाला येई. पण ते सगळं टाइपरायटरवर. कॉम्प्युटरला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता, आणि माऊस म्हणजे नक्की काय करायचं, हे तिला कुणाला विचारायचीही लाज वाटत होती.

दोह्याला येऊन तिला सहा वर्षं झाली होती. मुलगी हनिया आता दुसरीत होती. सकाळी सहाला ती बसमध्ये चढली की दुपारी दीडपर्यंत हमिदा नि तो बिनपात्यांचा पंखा एकमेकांकडं बघत बसत. तिला ही नोकरी हवी होती. मिळाली तर बरं, अशी नव्हे, तर अगदी पोटातून हवी होती, आणि हे तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं.

लॅपटॉप दिला होता सदानंद पाटणकर नावाच्या इंजिनिअरनं. पाटणकर पुण्याचे, त्यामुळं देतानाच त्यांनी त्यातली खोटही नीट समजावून सांगितली होती. कंपनीच्या नियमानं आतलं सगळं पुसून टाकलं होतं. विंडोज नव्यानं भरावी लागणार होती. विंडोज येते सीडीवर, आणि या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. फ्लॉपीची होती.

"मग भरायची कशी?" हमिदानं विचारलं.

"ता कासमभाई बघेल," कमाल म्हणाला. एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, हे तो नेहमी असंच सांगे.

कासमभाई दापोलीचे. दोह्याच्या नजमा भागात एका कॅफेटेरियाशेजारी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, रुंदीला इतकं कमी की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पोट आत घ्यावं लागे. गुरुवारी संध्याकाळी दोघं तिथं गेली. कासमभाईंनी लॅपटॉप उलटा केला, एक झाकण उघडलं, आतून पत्त्यांच्या जोडाएवढी हार्डडिस्क काढली आणि एका छोट्या जोडणीनं ती दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरला लावली.

"भाभी, लॅपटॉपला सीडी खाता येत नाय ना?" ते म्हणाले. "मग आपण सीडीतला सगळा काढून थेट त्याच्या पोटात ठेवायचा. घरी जाऊन ही फ्लॉपी घाला, मी लिहून देतो त्या दोन ओळी मारा. तो आपल्याच पोटातला काढून आपणच खाईल."

हमिदाला हे फार आवडलं. सगळं उतरायला अर्धा तास लागला. मग कासमभाईंनी डिस्क परत बसवली आणि लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं.

"हा नंबर. पंचवीस अक्षरा. मधेच विचारील तो. हा नसला तर खलास, पुढं एक पाऊल टाकणार नाय. तेव्हा लॅपटॉप उलटा करता यायचा नाय. मी सांगतो, लिहून घ्या."

कमालनं खिसे चाचपले. त्याच्याकडं पेन कधीच नसे. हमिदानं पर्समधलं पेन काढलं आणि कॅफेटेरियाच्या बिलामागं, उभ्या उभ्या, कासमभाई बोलत गेले तसं भराभरा लिहून घेतलं. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

घरी आल्यावर कमालला लॅपटॉप मळकट वाटला. साइटवरची धूळ होती, कुणाच्या तरी चहाचे डाग होते. बायकोची वस्तू स्वच्छ असावी या सद्हेतूनं त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला आणि लॅपटॉप वरून, खालून, चारी बाजूंनी लखलखीत केला. बुडाचा तो कागदही त्यानं लखलखीत केला. अक्षरं बोळ्यावर आली आणि कागद कोरा राहिला. हे त्यानं हमिदाला सांगितलं नाही. बिलामागं लिहिलेलं होतंच, मग उगाच कशाला आफत ओढवून घ्या.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली, हनिया खालच्या मजल्यावर अंजनाताईंच्या मुलीशी खेळायला गेली. बाहेर उन्हात कुत्रंही फिरकत नव्हतं. हमिदानं टेबल पुसलं, लॅपटॉप ठेवला, बिस्मिल्ला म्हणून फ्लॉपी आत ढकलली आणि कासमभाईंनी लिहून दिलेल्या दोन ओळी मारल्या.

लॅपटॉप घरघरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मग निळा पडदा आला, आणि डाव्या बाजूला किती मिनिटं उरली ते दिसायला लागलं. यंत्राची मिनिटं माणसाच्या मिनिटांपेक्षा बरीच लांब असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. चौदा मिनिटं उरल्याचं तो पस्तीस मिनिटं सांगत होता. हमिदानं दोनदा चहा केला. लॅपटॉप आपोआप बंद झाला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. मग पडद्यावर पाच रिकामे चौकोन आले.

"नंबर मागतोय," ती म्हणाली.

कमालनं खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि बिल सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं दोन्ही हातांत धरलं. "मी सांगतो, तू मार. चूक नको म्हणून गावांवरून सांगतो. डी फॉर दापोली. एट. के फॉर खेड. जी फॉर गुहागर. आर फॉर रत्नागिरी."

हमिदा एकेक अक्षर मारत गेली. मंडणगड झालं, हर्णे झालं, चिपळूण झालं. मग कमाल अडला. क्यूवरून सुरू होणारं गाव अख्ख्या कोकणात नव्हतं.

"क्यू फॉर कतर," तो शेवटी म्हणाला. "त्यासाठीच इथपर्यंत यावा लागला बघ."

पंचवीस अक्षरं पुरी झाली. हमिदानं एंटर मारलं. नंबर चुकीचा आहे, असं पडद्यानं सांगितलं.

"तुझा बोट घसरला असेल," कमाल म्हणाला. पुन्हा दापोली, पुन्हा एट, पुन्हा खेड. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्यानं इतक्या जोरात सांगितलं की शेजाऱ्यांनाही नंबर पाठ झाला असता. तरी चूक.

"कागद दाखवा बघू," ती म्हणाली.

"कागदात काय बघायचा? मी वाचतोय ना. तू कीबोर्डावर लक्ष दे."

"मग खालचा मूळ नंबर तरी बघू या." तिनं लॅपटॉप उचलून वाकून पाहिलं. बुडाला पांढराशुभ्र कागद होता, कोऱ्या पाटीसारखा.

कमालनं चष्मा काढून पुसायला घेतला. "काल जरा साफ केला होता मी," तो म्हणाला.

हमिदानं लॅपटॉप हळूच परत टेबलावर ठेवला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं कासमभाईंना मोबाइल लावला; तो बंद होता. शुक्रवारी दुपारी नजम्यातलं एकही शटर उघडं नसे आणि कासमभाई झोपले म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजेपर्यंत त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. आणि उठले असते तरी नंबर त्यांच्याकडं कुठं होता?

"राहू दे गो," कमाल हळूच म्हणाला. "त्यांना सांग, कॉम्प्युटर येत नाय पण टायपिंग येता. नायतर पुढच्या वर्षी निघेल जागा. इन्शाल्ला."

पुढच्या वर्षी. हमिदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा रागही आला. सहा वर्षं ती सगळ्यांचं ऐकत आली होती. नवरा सांगेल ते, सासू फोनवर सांगेल ते, आता हा नंबरही ऐकूनच मारत होती. आणि एकाएकी तिला देसाईबाई आठवल्या. हातात लाकडी पट्टी घेऊन बाई रांगेतून फिरत आणि रोज तेच म्हणत: डोळे कागदावर, बोटं बटणांवर, कान घरी ठेवून यायचे. ऐकून टाइप करील तो चुकेल.

"आणा तो कागद," ती म्हणाली.

"अगो, पण..."

"आणा. आणि आता बोलू नका."

आवाजात काहीतरी होतं. कमालनं बिल दिलं. हमिदानं ते लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवलं, उडू नये म्हणून वर चमचा ठेवला, पाठ ताठ केली आणि बोटं जागच्या जागी टेकवली. सहा वर्षांत त्यांना डाव नि झारा याखेरीज काही मिळालं नव्हतं, पण ती विसरली नव्हती. तिनं पडद्याकडं पाहिलं नाही, बटणांकडं पाहिलं नाही. कागदाकडं पाहत, एका दमात, तिनं पंचवीस अक्षरं मारली आणि एंटर दाबलं.

चौकोन नाहीसे झाले. लॅपटॉप पुढचं काम करायला लागला.

कमाल खुर्चीतून अर्धा उठला. "काय केलांस तू?"

"काय करणार? लिहिलाय ता मारला."

"मी तेच सांगत होतो की." त्यानं चमच्याखालून कागद ओढला आणि बोट ठेवून वाचायला लागला. "डी. एट. के..."

"एट कुठला? चार हाय तो."

दोघांची डोकी बिलावर वाकली. डीच्या पुढं, दोन इंग्रजी अक्षरांच्या मधोमध, एक सुरेख मराठी ४ बसला होता. घाईत कासमभाईंनी 'फोर' म्हटलं आणि हमिदाच्या हातानं वकिलाकडं तीन वर्षं पाहिला तसा चार लिहिला. बाकीचे आकडे दोन नि तीन होते. ते दोन्हीकडं सारखेच दिसतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. कमाल दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला. मराठी चार त्याला येत नव्हता असं नाही, पण आजूबाजूला सगळी इंग्रजी मंडळी बसलेली पाहून त्यानं त्या चारालाही इंग्रजी आठ मानलं. आणि वकिलाच्या मराठी गट नंबरांचे इंग्रजी आकडे करण्यात जन्म गेलेल्या तिच्या बोटांनी, तिला न विचारताच, चार मारला होता.

"म्हणजे चूक तुझीच," कमाल म्हणाला.

"लिहिण्यात माझी, वाचण्यात तुमची," हमिदा म्हणाली, "आणि स्पिरिट कुणाचा ता मी बोलत नाय." मग तिला हसू आवरेना. तिला हसताना पाहून कमालही हसायला लागला, आणि त्याच्या मनावरचा कालपासूनचा बोजा उतरला.

सहा वाजता पडद्यावर निळंशार आकाश नि हिरवंगार मैदान आलं. विंडोजबरोबर लिहायची एक साधी वही आपसूकच आली होती, आणि हमिदाला तेवढी पुरे होती. तिनं पत्र लिहिलं, साठवलं, बंद केलं, शोधलं, उघडलं. पहिल्या वेळी पत्र सापडेना, दुसऱ्या वेळी सापडलं. कासमभाईंनी लॅपटॉपबरोबर दिलेला माऊस टेबलावरून उचलायचा नसतो, सरकवायचा असतो, हे तिला आपलं आपणच कळलं. झोपायच्या आधी तिची अकरा पत्रं झाली होती, सगळी मुख्याध्यापकांना, सगळ्यांत हनियाला ताप आलेला.

शनिवारी शाळेच्या ऑफिसात एका बाईंनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यांच्या हातात मुख्याध्यापकांनी हातानं लिहिलेलं पत्र होतं आणि अक्षर पाहून बाईंनाच संकोच वाटत होता.

"हँडरायटिंग इज व्हेरी बॅड," त्या म्हणाल्या. "मैं पढ़ के बताऊँ?"

"नो मॅडम," हमिदा म्हणाली आणि हात पुढं केला. "पेपर दीजिए."

वकीलसाहेबांपुढं हे अक्षर म्हणजे छापील पुस्तक होतं. तिनं कागद डावीकडं ठेवला आणि पाठ ताठ केली.

दुपारी बाराला कमालचा फोन वाजला. तो स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोणी मोजत होता, मोजणी विसरला.

"काय झाला?"

"घेतला मला," हमिदा म्हणाली. शाळेच्या फाटकाबाहेर भर उन्हात उभी होती ती, आणि तिला ऊन लागत नव्हतं. "फॉर्म भरूनच बाहेर आले. पुढच्या चार तारखेपासून यायचा."

कमाल एका गोणीवर टेकला. त्याला बरंच काही म्हणायचं होतं.

"नीट बघितलांस ना?" तो म्हणाला. "चार, का आठ?"

"चार," ती म्हणाली. "फॉर्मवर आधी मराठीतच लिहिला होता. मग खोडून इंग्रजीत केला."