हरकत फक्त साम्याबद्दल

भावोजींचं तैलचित्र काढायचं काम मला मिळालं, ते मी चांगली चित्रकार आहे म्हणून नव्हे. मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, म्हणजे घरचीच. सांगू तसं काढेल, असा त्यांचा हिशेब. नगराध्यक्ष झाल्यापासून त्यांचे बरेच हिशेब असेच चुकत आले होते, फक्त चूक दरवेळी दुसऱ्याच्या नावावर पडायची.

आमच्या नगरपालिकेत एक जुना नियम आहे. मुदत संपत आलेल्या नगराध्यक्षाचं चित्र समोर बसवूनच काढायचं, फोटोवरून नाही. भिंतीवर लावण्याआधी ते लोकांसमोर ठेवायचं आणि हरकती ऐकायच्या. हरकत फक्त साम्याबद्दल. नाक लांब झालंय, रंग उजळ लावलाय, एवढंच बोलायचं. माणसाबद्दल बोलायचं नाही. चित्राशेजारी खुद्द त्या माणसाला बसवायचं, नगरसेवकांनी हात वर करून निर्णय द्यायचा आणि मान्य झालेली दुरुस्ती चित्रकाराने तिथेच, सगळ्यांदेखत करायची. एरवी या कार्यक्रमाला चार टाळकी यायची, चहा पिऊन जायची.

या वेळी प्रश्न भाजीबाजाराच्या शेडचा होता. गेल्या वर्षी ती शेड आगाऊ न कळवता पाडली. विक्रेते अजून आतच होते. एका भाजीवालीचा नवरा तुळईखाली सापडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पाडायला कोणी सांगितलं, तर ठेकेदार म्हणे वरून तोंडी निरोप आला. वर म्हणजे कोण, तर भावोजी त्या दिवशी परगावी होते. हुकूम देणारा कोणीच सापडत नाही म्हणून चौकशी गुंडाळली. भाजीवाली ओरडून सांगत होती की नगराध्यक्ष समोर उभे होते, पण तिच्या बाजूने बोलायला एक माणूस पुढे येईना.

मला यातलं काहीही चित्रात आणायचं नव्हतं. दिसतं ते मी काढते. भावोजी माझ्या खोलीत खिडकीपाशी बसले, उजेड डावीकडून आला आणि डाव्या भुवईवर एक तिरपी खूण दिसली. विचारलं तर म्हणाले, बाथरूममध्ये घसरलो. मी खूण काढली. ते गप्प बसले असते तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या गृहस्थांनी ती स्वतःच्या हाताने उघडली. चित्र पाहून भडकले आणि ताईला माझ्याकडे धाडलं.

ताई आली ती दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

"एवढीशी रेघ आहे. पुसून टाक," ती म्हणाली.

कशाने झाली ते खरं सांग, मग पुसते, असं मी म्हटलं. तिनेही बाथरूमच सांगितलं, पण सांगताना ती माझ्याकडे न बघता ब्रशांच्या बरणीकडे बघत होती. ताई वर्षभर बाजारात फिरकली नव्हती. मला वाटायचं, नवऱ्याच्या पदाचा तोरा आहे. त्या दुपारी मला कळायचं ते कळलं.

"तू ना, लहानपणापासून अशीच," जाताना ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घराला काडी लावायची आणि वर शेकत बसायचं."

मीही काही कमी बोलले नाही. आमच्या आईने ऐकलं असतं तर दोघींना दोन कोपऱ्यांत उभं केलं असतं.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. भावोजी चित्राशेजारी खुर्चीत बसले होते. आयुष्यभर मागे वळवलेले केस आज त्यांनी कपाळावर ओढून घेतले होते. ताई पहिल्या रांगेत होती. सचिव प्रत्येकाला बजावत होते की साम्यापुरतंच बोला, आणि लोक साम्यापुरतंच बोलत होते. एक शिक्षक म्हणाले, कान फार मोठे काढलेत, एवढे असते तर आमचं ऐकू आलं असतं. स्टेशनमागच्या वस्तीतला एक जण म्हणाला, बूट चकचकीत दाखवलेत, आमच्याकडे तर घोट्याएवढा चिखल आहे. त्यावर त्याचा शेजारी उठला आणि म्हणाला, बूट बरोबर आहेत, साहेब आपल्याकडे आलेत कधी? लोक हसत होते, पण त्या हसण्यात जीव घेण्याइतका राग होता. भावोजींच्या माणसांनी मागून शिव्या द्यायला सुरुवात केली. कोणीतरी कोणाची कॉलर धरली. सचिव टेबल बडवत राहिले.

मग सचिवांनी खुद्द नगराध्यक्षांची हरकत वाचली: डाव्या भुवईवर नसलेली खूण काढली आहे, ती पुसावी.

भाजीवाली उठली. तिचा आवाज बाजारातला, माईकची गरज नव्हती.

"खूण बरोबर आहे. ती माझी आहे. हे उभे होते तिथे, कुठून धक्का मारायचा ते हाताने दाखवत होते. माझा माणूस आत होता. मी तराजूतलं वजन उचललं आणि फेकलं."

सचिव म्हणाले, फक्त साम्याबद्दल बोला.

"साम्याबद्दलच बोलतेय."

मागून कोणीतरी म्हणालं की केस वर करून बघा, सोपं आहे. कोणी हललं नाही. सचिवांनी घाईघाईने मत घेतलं. बहुमताने हात वर झाले. त्यातला एक जण हात वर करून छताकडे बघत होता. खूण नाही, असं सभागृहाने ठरवलं आणि मला दुरुस्तीचा हुकूम झाला. भाजीवाली उभीच होती. तिला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी पॅलेटवर कातडीचा रंग कालवला, ब्रश भरून घेतला आणि म्हटलं, "निर्णय मान्य आहे. चित्र आणि माणूस सारखे दिसले पाहिजेत. मग खूण जिथे आहे तिथूनच पुसते."

मी वळले, ब्रशच्या दांड्याने भावोजींचे केस वर केले आणि त्यांच्या भुवईवर रंग फासला.

त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. पुसलं तर खूण दिसणार, न पुसलं तर तेलरंग काही वाळत नाही. तो पापणीवर ओघळायला लागला. अख्खं सभागृह बघत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भावोजी दातओठ खात ताईला म्हणाले, "बघत काय बसलीस?"

ताई उठली. माझ्या टेबलावरचं टर्पेंटाइनचं फडकं तिने उचललं. मला वाटलं, आता हे माझ्या तोंडावर बसणार. तिने ते भावोजींच्या भुवईवर ठेवलं आणि पुसायला लागली. झोंबल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हात काढा," ती म्हणाली. "टाके घातले तेव्हाही असेच ओरडला होतात."

खूण उघडी पडली, चित्रात होती तशीच. ताई सचिवांकडे वळली. त्या दिवशी हे परगावी गेलेच नव्हते, ती म्हणाली. बाजारातून भुवई दाबून घरी आले, रक्ताने भरलेला शर्ट मी जाळला. हे लिहून घ्या, मी सही करते. मग तिने भाजीवालीकडे पाहिलं. वर्षभर जे टाळलं होतं ते केलं, आणि तिलाच नजर खाली घ्यावी लागली. भाजीवाली मटकन खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. पुढे आरडाओरडा इतका झाला की भावोजी कुठल्या दाराने निघून गेले ते मला दिसलं नाही.

सही करून ताई माझ्याजवळ आली. फडकं तिने माझ्या हातात ठेवलं.

"तुझं चित्र बरोबर ठरलं. आता मी कुठल्या घरी जाऊ, तेवढं सांग."

"माझ्या."

"ते सोडून सांग," ती म्हणाली.